वारशात आलेला विमानाचा लाकडी पंखा: तो मूळचा कुठला, हे कसं शोधायचं

ठाण्यात नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा आईच्या माहेरचं सगळं सामान तीन आठवड्यांत हलवायचं होतं. पोटमाळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, सतरंजीत गुंडाळलेला विमानाचा लाकडी पंखा, म्हणजे प्रोपेलर, निघाला. आजोबा जुहूच्या विमानतळावर फिटर होते. घरात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की हा पंखा जेआरडी टाटांच्या विमानाचा. मी शाळेतल्या निबंधातही तसं लिहिलं होतं.

तो नेमका कुठला हे कळायला मला आठ महिने लागले. त्यातले सहा चुकीच्या दिशेने गेले. ठाणे, कल्याण, नवी मुंबई भागात अशी वस्तू घरात असलेले आणखी लोक असणार. जुहू जवळ आहे आणि मलंगगडाच्या रस्त्यावर नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी होती. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. पंखा नीट वाचला तर तो कोणत्या इंजिनाचा, कोणत्या जातीच्या विमानाचा आणि साधारण कोणत्या काळातला हे सांगतो. तो *नेमक्या* कोणत्या विमानावर होता, हे लाकूड सांगत नाही. ते फक्त कागद सांगतात. माझे सहा महिने गेले ते हा फरक न कळल्यामुळे.

लागणारं सामान

सुताराची किंवा शिंप्याची मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर (नसेल तर स्टीलची सहा इंची पट्टी), दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, बटर पेपर, मऊ शिसाची पेन्सिल, मऊ ब्रश, पाणसळ आणि कोन मोजणारं ॲप असलेला मोबाइल. जुनी चादर आणि दोन उशा. मदतीला एक माणूस. पंखा एकट्याने उचलू नका, टोक भिंतीला लागतंच.

१. पॉलिशवाल्याला बोलावू नका

ही पहिली पायरी आहे आणि ती चुकली की पुढच्या निम्म्या पायऱ्या फुकट जातात.

आमच्याकडे नातेवाइकांपैकी एकाने प्रेमापोटी, मला न विचारता, ओळखीच्या पॉलिश करणाऱ्याला बोलावलं. मी ऑफिसातून आले तेव्हा एका पात्याचा मधला भाग काचकागदाने घासून पांढरा पडला होता. तिथे तळहाताएवढा एक फिकट, अंडाकृती डाग होता, तो मी लहानपणापासून पाहिला होता. तो डाग म्हणजे पंखा बनवणाऱ्या कंपनीचं रंगीत चित्रासारखं लेबल होतं. त्यातली अक्षरं आडव्या प्रकाशात कदाचित वाचता आली असती. आता तिथे कोरं लाकूड आहे. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यामुळे ओल्या फडक्याने पुसू नका, थिनर लावू नका, तेल लावू नका, पितळ चमकवू नका, सैल झालेले खिळे-रिव्हेट ठोकू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, तेवढं पुरे. आणि घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा.

२. घरातली गोष्ट लिहून घ्या

वडीलधाऱ्यांना बसवून विचारा आणि ते सांगतील तसं, तारखेसह लिहा. पंखा घरात कधी आला? कोणी आणला? विकत घेतला, निवृत्तीच्या वेळी मिळाला, की भंगारातून उचलला? आधी कोणत्या घरी होता? भिंतीवर असतानाचा एखादा फोटो आहे का?

मग कागद शोधा. नोकरीचं पत्र, पगाराची चिठ्ठी, ओळखपत्र, परवाना, विमानतळावरचे गटफोटो, पोस्टकार्डं. आमच्याकडे आजोबांच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात एक गटफोटो निघाला, मागे विमानाचं शेपूट दिसत होतं. शेपटावरची किंवा विमानाच्या दोन्ही बाजूंच्या पंखांवरची 'व्हीटी'ने सुरू होणारी अक्षरं दिसली तर ती जपून टिपा. ती भारतातल्या नोंदणीची खूण आहे आणि तिच्यावरून विमानाची जात शोधता येते.

ज्या वाक्यात "म्हणे" येतं, ते "म्हणे"सकटच लिहा. नंतर उपयोगी पडतं.

३. खरा पंखा की शोभेचा?

हल्ली घरसजावटीसाठी लाकडी पंख्यांच्या नकला मिळतात. वारशातला पंखाही कधीतरी दुकानातून आलेला असू शकतो. ओळखायच्या खुणा अशा:

खरा पंखा एका ओंडक्याचा सहसा नसतो. पाच-सात किंवा त्याहून जास्त फळ्या एकमेकींवर चिकटवून, त्यातून पातं कोरून काढलेलं असतं. म्हणून पात्यावर थरांच्या रेषा नकाशातल्या उंचीच्या रेषांसारख्या वळत जातात. दोन्ही पात्यांवरच्या या रेषा एकमेकींशी जुळतात, कारण पातं दोन्हीकडे सारखंच कोरलेलं असतं. नकलेत या रेषा रंगवलेल्या असतात, किंवा नसतातच.

पात्याला पीळ असतो. मध्याजवळ ते जास्त उभं आणि टोकाकडे सपाट होत जातं. नकलेत पीळ एकसारखा किंवा नाममात्र असतो. खऱ्या पंख्याच्या मध्यभागी, बोल्टाच्या भोकांभोवती, लोखंडी चकती घट्ट आवळल्याचा गोल दाब दिसतो.

आणखी तीन फसवे प्रकार आहेत. एक, इंजिन तपासायला वापरतात तो आखूड, रुंद, जाड पात्यांचा पंखा. तो कधीच उडालेला नसतो. दोन, पवनचक्कीची लाकडी पाती. त्यांची फुगीर बाजू विमानाच्या पंख्याच्या उलट असते. तीन, घड्याळ बसवलेले पंखे. पहिल्या महायुद्धानंतर अनेक पंख्यांच्या मधोमध घड्याळ बसवून अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये टांगले गेले. ते खरेच पंखे असतात, पण घड्याळासाठी मधलं भोक मोठं करताना शिक्के गेलेले असतात. घड्याळाखाली काही उरलंय का ते पाहिल्याशिवाय हार मानू नका.

४. पुढची बाजू, मागची बाजू आणि फिरण्याची दिशा

पंख्याच्या मध्यभागाला इंग्रजीत हब म्हणतात. बैलगाडीच्या चाकाला तुंबा असतो तसाच हा भाग, म्हणून मी तुंबाच म्हणते.

पात्याची एक बाजू फुगीर, दुसरी जवळपास सपाट. सपाट बाजू नेहमी विमानाच्या शेपटाकडे असते. नेहमीच्या, नाकावर पंखा असलेल्या विमानात वैमानिकाला तीच दिसते.

आता पंखा उभा धरायला सांगा आणि सपाट बाजू तुमच्याकडे घ्या. वरच्या पात्याची जाड, गोलसर कड, म्हणजे पितळी पत्रा असतो ती कड, कोणत्या हाताला आहे? ती पुढची धार. पंखा त्या दिशेने फिरतो. जाड कड उजवीकडे असेल तर पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा, म्हणजे 'उजवा'. डावीकडे असेल तर 'डावा'. शिक्क्यात हेच 'आर.एच.' किंवा 'एल.एच.' असं येतं.

इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, मीही चुकले. भिंतीवर टांगलेल्या पंख्याची फुगीर बाजू आपल्याकडे असते. तिकडून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. मी पहिल्या पत्रात 'उजवा' लिहून पाठवलं आणि दोन महिने अमेरिकी इंजिनांच्या मागे फिरले.

ही दिशा फार कामाची आहे. डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीची जिप्सी मेजर ही इंजिनं डावी. लायकमिंग आणि कॉन्टिनेन्टल या अमेरिकी कंपन्यांची बहुतेक उजवी. एवढ्या एका गोष्टीवरून निम्मे पर्याय गळतात.

५. मापं घ्या

प्रत्येक माप तीनदा घ्या आणि इंच व मिलिमीटर दोन्हींत लिहा.

• टोकापासून टोकापर्यंत लांबी, म्हणजे व्यास.
• तुंब्याची जाडी आणि तुंब्याचा व्यास.
• मधल्या भोकाचा व्यास.
• बोल्टाची भोकं किती, प्रत्येकाचा व्यास किती, आणि समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर.
• मध्यापासून पाऊण अंतरावर पात्याची रुंदी.

बोल्टांच्या भोकांची मापं लोक सोडून देतात. सोडू नका. शिक्के पुसलेले असतील तर इंजिन ओळखायचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण त्या भोकांशी इंजिनाच्या लोखंडी चकतीची भोकं बरोबर जुळावी लागतात.

उरला तो 'पिच'. पंखा घट्ट माध्यमातून, जसा स्क्रू लाकडातून जातो तसा एक फेरा फिरला तर किती पुढे जाईल, ते अंतर म्हणजे पिच. तो घरीही मोजता येतो. पंखा सपाट टेबलावर आडवा ठेवा, तुंबा पाणसळीने समपातळीत आणा. मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या पाऊण भागावर खूण करा (खडूने नाही, कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधून). तिथे पात्याच्या सपाट बाजूला पट्टी टेकवून तिचा कोन मोबाइलवर मोजा.

समजा व्यास ७६ इंच आहे. त्रिज्या ३८, तिचा पाऊण भाग २८.५ इंच. त्या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ साधारण १७९ इंच. कोन १५ अंश निघाला तर १५ अंशाचा टॅन्जंट ०.२६८. गुणाकार ४८ इंच. म्हणजे पिच चार फूट.

मंद उडणाऱ्या शिकाऊ विमानाचा पिच कमी असतो, वेगवान विमानाचा जास्त. एकाच इंजिनावर वेगवेगळ्या विमानांसाठी वेगवेगळे पंखे बसत, ते यामुळेच.

६. तुंब्यावरचे शिक्के वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

लाकडात ठोकलेली अक्षरं तुंब्याच्या गोल कडेवर, सपाट तोंडावर, बोल्टाच्या भोकांच्या मधे आणि कधी पात्याच्या मुळाशी असतात. वरून पॉलिशचे थर बसल्यामुळे दिवसा ती दिसतच नाहीत. रात्री दिवे घालवा. टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि सावकाश फिरवा. आमच्याकडे दिवाणखान्यात मुलगा टॉर्च धरून बसला होता आणि मी भिंग घेऊन. आधी नुसत्या ओरखड्यांसारखं काहीतरी दिसलं. टॉर्च बोटभर खाली घेतली आणि सावलीतून 'जी', मग 'आय', मग 'पी' अशी अक्षरं एकामागून एक वर आली. साठ वर्षं तो पंखा आमच्या डोक्यावर होता आणि कोणालाच ती अक्षरं माहीत नव्हती.

टॉर्चच्या प्रत्येक कोनातून फोटो काढा. मग बटर पेपर ठेवून पेन्सिल हलक्या हाताने आडवी घासा, नाण्याचा ठसा घेतो तसा. अक्षरात खडूची पूड, पीठ, रंग भरू नका. ती निघत नाही.

आता काय काय सापडतं ते पाहू.

*डी आणि पी.* डी म्हणजे व्यास, पी म्हणजे पिच. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पंख्यांवर हे आकडे मिलिमीटरमध्ये असतात, चार आकडी. नंतरच्या ब्रिटिश आणि अमेरिकी पंख्यांवर फूट-इंचांत. जर्मन पंख्यांवर 'डी' आणि 'एसटी', बहुधा सेंटिमीटरमध्ये, आणि शक्तीसाठी 'पीएस'. ब्रिटिश आणि अमेरिकी पंख्यांवर 'एचपी'. ठोकलेला व्यास तुम्ही मोजलेल्या लांबीशी जुळतो का ते लगेच पाहा. जुळत नसेल तर टोकं कापलेली आहेत.

*डीआरजी.* हा ड्रॉइंग नंबर, म्हणजे कोणत्या नकाशावरून पंखा बनवला तो. सर्वांत महत्त्वाचा शिक्का हाच. त्याच्या आधीची अक्षरंही बोलतात. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पंख्यांवर 'एलपी' म्हणजे लँग प्रोपेलर कंपनी, 'आयपीसी' म्हणजे इंटिग्रल प्रोपेलर कंपनी, 'टी' म्हणजे फार्नबरोची रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरी, 'एबी' म्हणजे एअर बोर्ड.

*जी आणि एन.* त्याच काळातल्या ब्रिटिश पंख्यांवर 'जी'पुढचा आकडा एका खेपेचा, 'एन'पुढचा त्या खेपेतल्या पंख्याचा. हा आकडा विमानाचा नंबर नव्हे. बाजारात तो विमानाचा नंबर म्हणून सांगून वस्तू विकली जाते.

*मुकुट आणि 'एआयडी'.* हे ब्रिटिश तपासणी खात्याचे शिक्के. एकाच पंख्यावर असे अनेक छोटे शिक्के सापडतात, कारण लाकूड, चिकटवणं, कोरणं, तोल अशा प्रत्येक टप्प्यावर तपासणी व्हायची.

*इंजिनाचं नाव आणि अश्वशक्ती.* नशीब चांगलं असेल तर हे सरळ लिहिलेलं असतं. आमच्या पंख्यावर 'जिप्सी मेजर' आणि 'एल.एच.' निघालं.

*कंपनीचं लेबल.* पात्यावरचं रंगीत चित्र. अमेरिकेतल्या सेन्सेनिक (लिटित्झ, पेनसिल्व्हेनिया), हार्टझेल (पिक्वा, ओहायो), इंग्लंडमधल्या वेब्रिजची एअरस्क्रू कंपनी ही नावं भेटतात. ब्रिटिश लोक पंख्याला बराच काळ 'एअरस्क्रू'च म्हणत, म्हणून जुन्या यादीत शोधताना दोन्ही शब्द वापरा.

आणि आपल्याकडच्या लोकांसाठी एक खास सूचना. पंख्यावर 'गरुड' हे नाव दिसलं तर तो भारतीय बनावटीचा समजून आनंदाने फोन करू नका. गरुडा ही बर्लिनच्या नॉयकोल्न भागातली पंखे बनवणारी जर्मन कंपनी होती. तिचे पंखे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांवर असत. तसा पंखा घरात निघाला तर तो जुना आणि दुर्मिळ आहे, पण त्याची गोष्ट वेगळी आहे.

७. लाकूड, चिकटद्रव्य, पत्रा

यावरून नेमकं नाव कळत नाही, काळ कळतो.

भिंगाने तुंब्याच्या भोकाच्या आतली कड पाहा, तिथे पॉलिश कमी असतं. मोठी छिद्रं वर्षाच्या कड्यागणिक एका ओळीत दिसली आणि शिवाय रुंद चमकदार पट्टे दिसले तर ओक. कड्यागणिक ओळ आहे पण पट्टे नाहीत, तर ॲश. छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली आणि रंग तांबूस, तर महॉगनी असू शकतं. चॉकलेटी, छिद्रं हळूहळू लहान होत जाणारी, तर अक्रोड. गडद आणि फिकट लाकडाचे थर आलटून पालटून असतील तर जर्मन पंख्याची शक्यता तपासा. खात्रीने हवं असेल तर डेहराडूनची वनसंशोधन संस्था आणि बंगळुरूची लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था लाकूड ओळखून देतात. पण त्यासाठी तुकडा काढावा लागतो. शिक्के स्पष्ट असतील तर ही गरज नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फळ्या जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसाने चिकटवत. नंतर दुधातल्या केसिनचा सरस आला. दुसऱ्या महायुद्धापासून कृत्रिम रेझिन. पुढच्या धारेवरचा पितळी पत्रा, टोकावर चिकटवलेलं कापड, हे पाऊस, वाळू, गवत यांपासून बचावासाठी. पत्र्याच्या टोकाला बारीक भोकं दिसली तर कोणी तरी खिळा मारलाय असं समजू नका. आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जावं म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असतात.

८. इंजिनावरून विमानापर्यंत

भारतात लाकडी पंखा कोणत्या वाटांनी आला असेल, ते माहीत असलं की शोध सोपा होतो.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने वसाहतींना जास्तीची विमानं दिली. भारताच्या वाट्याला शंभर आली, साठ डीएच-९ आणि चाळीस ॲव्हरो ५०४. डीएच-९ला २३० अश्वशक्तीचं प्यूमा इंजिन.

१९२८ साली जुहूचा विमानतळ सुरू झाला आणि फ्लाइंग क्लबांचा काळ आला. ही मॉथ, म्हणजे डी हॅविलंडच्या हलक्या विमानांची पिढी.

१ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी कराचीजवळ ड्रिग रोडला उभी राहिली, ती चार वापिती विमानांवर.

दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरला वैमानिकांचं प्राथमिक शिक्षण टायगर मॉथवर होत होतं. १३० अश्वशक्तीचं जिप्सी मेजर, डावा, दोन पात्यांचा पंखा. बर्मा आघाडीसाठी अमेरिकी स्टिन्सन एल-५ आली, लायकमिंग इंजिनाची. युद्ध संपल्यावर यातली बरीच विमानं आणि सुटे भाग क्लबांकडे किंवा भंगारात गेले. आपल्या भागात घरोघरी निघणारे पंखे बहुधा या शेवटच्या वाटेने आलेले असतात.

"स्पिटफायरचा पंखा" म्हणून कोणी दोन पात्यांचा, सलग लाकडाचा पंखा दाखवला तर आधी तुंबा पाहा. युद्धकाळातल्या बहुतेक स्पिटफायर-हरिकेनवर लाकडी पाती असली तरी ती सुटी असत, प्रत्येकीच्या बुडाला धातूची टोपी, आणि मधला तुंबा धातूचा. चार पात्यांचा पण सलग लाकडी पंखा असेल तर पहिल्या महायुद्धातली बीई-२, आरई-८ ही ब्रिटिश विमानं तपासा.

९. आता घरातली गोष्ट तपासा

जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, ते डी हॅविलंड पस मॉथ विमानातून. त्याची नोंदणी व्हीटी-एडीएन. पस मॉथला मुळात १२० अश्वशक्तीचं जिप्सी थ्री इंजिन होतं. आमच्या पंख्यावर जिप्सी मेजर. ते इंजिन १९३२ मध्येच आलं. काही पस मॉथना नंतर जिप्सी मेजर बसवलं गेलं हे खरं, पण त्यावरून "हा त्या उड्डाणाचा पंखा" असं म्हणता येत नाही.

मी मावशीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, पण तुझे आजोबा जेआरडींचं नाव घ्यायचे." मामेभावाने लगेच शोधून काढलं की १९८२ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं ते लेपर्ड मॉथमधून, आणि लेपर्ड मॉथला जिप्सी मेजर असतं. पण आमचा पंखा त्याच्या कितीतरी आधी भिंतीवर होता. मावशीच्या लग्नाच्या फोटोत तो दिसतो.

ड्रॉइंग नंबर, पिच आणि भोकांची मापं पाठवल्यावर एका संग्रहालयाकडून उत्तर आलं: टायगर मॉथचा पंखा. आजोबांच्या गटफोटोतलं शेपूटही टायगर मॉथचं निघालं. ज्या यंत्रावर ते रोज हात काळे करत होते, त्याचा हा पंखा. मला ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा जवळची वाटते.

१०. कोणाला आणि कसं विचारायचं

"माझ्याकडे जुना पंखा आहे, माहिती द्या" एवढं लिहिलं तर उत्तर येत नाही. एकाच पत्रात हे द्या: सपाट बाजूचा पूर्ण फोटो, फुगीर बाजूचा पूर्ण फोटो, तुंबा समोरून आणि कडेने, प्रत्येक शिक्क्याचा आडव्या प्रकाशातला फोटो, टोकाचा आणि पत्र्याचा फोटो, मापांची यादी, फिरण्याची दिशा, आणि शिक्के तुम्ही जसे वाचले तसे. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी रेघ ओढा, अंदाज लिहू नका. ८ आणि ३, ५ आणि ६ यांत फार गोंधळ होतो.

पालमचं वायुदल संग्रहालय, बंगळुरूचं एचएएल हेरिटेज सेंटर, लंडनचं रॉयल एअर फोर्स म्युझियम ही विचारायची ठिकाणं. काळाचा संदर्भ शोधायला, जुने अंक आणि पुस्तकं चाळायला आपलं १८९३ सालचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय जवळच आहे. किंमत विचारू नका. संग्रहालयं किंमत सांगत नाहीत आणि तुमचं पत्र बाजूला पडतं.

नेमक्या विमानापर्यंत पोहोचायचं असेल तर लॉगबुक लागतं. विमानाचं, इंजिनाचं आणि पंख्याचं लॉगबुक वेगवेगळं असे, त्यात पंख्याचा नंबर नोंदलेला असतो. ते घरात सापडलं तर सोन्याहून मोलाचं.

११. विकायचा किंवा परदेशी पाठवायचा विचार असेल तर

अँटिक्विटीज अँड आर्ट ट्रेझर्स ॲक्ट, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धातले पंखे आता त्या वयाचे झाले आहेत. पंखा शंभर वर्षांच्या आतला असेल तरी परदेशातल्या नातेवाइकाकडे पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुराणवस्तू नाही' असा दाखला घ्या. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्याजवळ आहे. सोबत मापं, फोटो आणि ओळख पटल्याचं पत्र न्या.

आणि हा पंखा पुन्हा कधीही इंजिनावर चढवू नका, कोणी हौशी माणूस कितीही मागे लागला तरी. जुना सरस सुटलेला बाहेरून दिसत नाही.

१२. ठाण्याच्या हवेत सांभाळायचा कसा

जून ते सप्टेंबर हा खरा शत्रू. पंखा पावसाळी भिंतीला, एसीच्या झोताखाली किंवा खिडकीच्या उन्हात टांगू नका. भिंत आणि पंखा यांत चार बोटं हवा खेळू द्या. पंखा आडवा टांगा, उभा नको. उभा ठेवला की ओल खालच्या पात्यात उतरते आणि ते जड होऊन वाकतं. याच कारणाने लाकडी पंख्याची विमानं उभी करतानाही पंखा आडवा ठेवतात. टांगताना नवीन खिळा किंवा स्क्रू लाकडात मारू नका, मधल्या भोकातून आधार द्या आणि मधे फेल्ट घाला.

दर महिन्याला खाली जमिनीवर भुगा पडलाय का बघा. बारीक पिठासारखा दिसला तर किडा आत आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून लाकडावर औषध फवारून घेण्याआधी संवर्धन करणाऱ्या माणसाचा सल्ला घ्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र मुंबईतच आहे.

फाइलमध्ये काय काय ठेवायचं

मापांचा कागद, शिक्क्यांचे फोटो आणि बटर पेपरवरचे ठसे, संग्रहालयांची उत्तरं, वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं (तारीख आणि नावासह), घरातल्या जुन्या फोटोंच्या प्रती, नोकरीचे कागद, पुरातत्त्व खात्याचा दाखला घेतला असेल तर तो.

पंख्यामागे भिंतीवर मी एक पुठ्ठ्याचं कार्ड लावलं आहे. त्यावर तीन ओळी आहेत. पहिली: "जिप्सी मेजर इंजिन, डावा, टायगर मॉथच्या ड्रॉइंगप्रमाणे." दुसरी: "आजोबांनी जुहूहून आणला, बहुधा निवृत्तीच्या वेळी." तिसरी: "घरात म्हणत, जेआरडींच्या विमानाचा. पुरावा सापडलेला नाही." खाली तारीख, आणि मावशीची सही.